मणक्यावरचा झटका
अमेरिकेत मिसिसिपीच्या काठी, आयोवा राज्यात डेव्हनपोर्ट गाव आहे. तिथल्या रायन इमारतीत झाडलोट करणारा हार्वी लिलार्ड हा कृष्णवर्णीय गृहस्थ १७ वर्षे जवळजवळ बहिरा होता. अवघडून वाकून काम करताना पाठीत काहीतरी कट्‌कन वाजलं आणि तेव्हापासून ऐकू येईना, असं तो सांगे. त्याच इमारतीत डॅनियल डेव्हिड पामर यांचा दवाखाना होता. मूळचे कॅनडाचे पामर मधमाश्या पाळून, किराणा विकून अखेर ‘चुंबकशक्ती’ने रोग बरे करण्याकडे वळले होते. १८९५च्या सप्टेंबरात त्यांनी लिलार्डची पाठ चाचपली, वर आलेला मणका हेरला आणि झटका देऊन तो जागेवर बसवला. लिलार्डला ऐकू येऊ लागलं. निदान पामर यांचं म्हणणं तसं. लिलार्डच्या मुलीने पुढे सांगितलेली हकीकत निराळी: गप्पांत विनोद झाला, तेव्हा पामरांनी खुशीत पुस्तकासकट त्याच्या पाठीत थाप हाणली.

अडचण अशी, की कानाची नस पाठीच्या कण्यात उतरतच नाही. ती कवटीतल्या कवटीत मेंदूला जाऊन मिळते.

पामर मात्र थांबणाऱ्यातले नव्हते. मणका जरा सरकला की नस दाबली जाते, शरीर चालवणाऱ्या उपजत शक्तीची वाट अडते आणि रोग होतो, असा सिद्धान्त त्यांनी मांडला. शंभरातले ९५ रोग म्हणे मणक्यांमुळेच! मणके बसवणारे आपण पहिले, असं ते म्हणत नसत. हाडवैद्य सगळीकडे होते, आपल्याकडेही. त्यांचा दावा नेमका होता: मणक्याची मागे आणि बाजूंना आलेली हाडाची टोकं तरफेसारखी वापरून मणका हलवणारे आपण पहिले. मला विचाराल तर त्यांच्या कामातला खरा ऐवज हाच.

१८९७ मध्ये त्यांनी डेव्हनपोर्टलाच हा उपचार शिकवणारी शाळा काढली. १९०६ मध्ये परवान्याविना वैद्यकी केल्याचा ठपका आला, तेव्हा दंड भरण्याऐवजी ते तुरुंगात गेले. पुढे मुलगा बी. जे. पामर याने शाळा हाती घेतली, तिथे क्ष-किरण यंत्र आणलं आणि रेडिओ केंद्रही चालवलं. मणके बसवणाऱ्या या मंडळींचा डॉक्टरांच्या संघटनेशी तंटा दीर्घकाळ चालला. त्यांच्यावर बेकायदा बहिष्कार घातल्याचा निकाल १९८७ मध्ये अमेरिकी न्यायालयाने संघटनेविरुद्ध दिला.

झटका देताना येणारा ‘कट्’ आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांधा एकदम ताणला की आतल्या वंगणात वायूची पोकळी होते, तिचा तो आवाज. कंबरदुखीत या उपचाराने काहींना थोडाफार आराम पडतो, हे अभ्यासांत दिसलं आहे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या एका व्यावसायिक संस्थेने २०१७ मध्ये औषधाविना करायच्या उपायांत त्याला जागाही दिली. बहिरेपण, दमा, पोटाचे विकार यांसाठी असा भक्कम पुरावा नाही. मानेचं प्रकरण तर जपून हाताळायचं. मणक्यांच्या छिद्रांतून मेंदूकडे रक्त नेणाऱ्या धमन्या जातात. मानेला झटका दिल्यावर त्यांचं अस्तर फाटून पक्षाघात झाल्याची उदाहरणं विरळा असली तरी नोंदलेली आहेत.