गोव्याचा मांडो

मंडळी, देवणीची गाय आणि देवणीचा वळू आपल्याला नवा नाही. काळ्या-पांढऱ्या अंगाची ही जनावरं पाहायला लांबलांबचे शेतकरी येतात. पण ही जात झाली कशी? जाणकार सांगतात की, गीर आणि डांगी या बाहेरच्या जातींचं रक्त इथल्या गावरान गुरांत मिसळलं. इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्पिढ्या चांगली जनावरं निवडून वाढवली. त्यातून देवणी जात उभी राहिली. आज तिला कोणी परकी म्हणेल का? नाही म्हणणार.

गाण्याचं आणि नाचाचंही असंच असतं. बाहेरून काही येतं, घरातलं काही असतं. दोन्ही एकजीव झालं की ते आपलं होतं. गोव्याचा मांडो हा असाच एक नाच आहे. त्याची गोष्ट आज आम्ही तुम्हाला सांगणार आहोत.

मांडो म्हणजे काय?

मांडो हे गाणंही आहे आणि नाचही आहे. गोव्यातल्या ख्रिस्ती कुटुंबांत तो लग्नकार्यात आणि सणासमारंभात होतो. त्याची भाषा कोकणी. त्याचं मूळ घर म्हणजे दक्षिण गोव्यातला सासष्टी तालुका. मडगाव, लोटली, कुडतरी ही त्या भागातली गावं. तिथं एकोणिसाव्या शतकात मांडो बहरला.

मांडोची चाल संथ असते. गाण्यात कडवं असतं आणि ध्रुपद असतं. विषय बहुतेक प्रेमाचा. कुणाला भेटीची ओढ असते, कुणी ताटातुटीनं झुरत असतं. म्हणून ऐकताना मन जड होतं. आपल्या भजनात सगळे एकाच सुरात गातात. मांडोत तसं नसतं. एक आवाज खालच्या सुरात, दुसरा वरच्या सुरात, आणि दोन्ही एकाच वेळी. हे सूर एकमेकांशी भांडत नाहीत. धोतराच्या दोन काठांसारखे ते बरोबर चालतात.

ओवीवर बंदी आली

आता थोडा इतिहास पाहू.

पोर्तुगीज लोकांनी १५१० साली गोवा बेट घेतलं. १५४३ साली सासष्टी आणि बारदेश हे भागही त्यांच्याकडे गेले. तिथले पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले. धर्म बदलला, तरी जुन्या चालीरीती लगेच सुटल्या नाहीत. लग्नात हळद लावायची, बायकांनी ओव्या म्हणायच्या, हे चालूच राहिलं.

सरकारला ते खपलं नाही. १६८४ साली हुकूम निघाला की, लोकांनी तीन वर्षांत कोकणी सोडावी आणि पोर्तुगीज बोलावं. १७३६ साली तिथल्या धर्मन्यायालयानं दुसरा हुकूम काढला. ख्रिस्ती घरच्या लग्नात ओव्या म्हणायला त्यानं मनाई केली.

विचार करा. आपली आजी जात्यावर ओवी म्हणते, त्यात कुणाचं काय बिघडतं? पण राज्य करणाऱ्याला ठाऊक असतं की, माणसाच्या तोंडची भाषा काढून घेतली की माणूस अर्धा वाकतो. आपल्या मराठवाड्यालाही हे माहीत आहे. निजामाच्या राज्यात आपल्या वाडवडिलांना शाळेत उर्दूतून शिकावं लागलं. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेलं. गोवा मोकळा झाला १९ डिसेंबर १९६१ रोजी.

हुकूम झाले, पण कोकणी मेली नाही. चर्चच्या शाळांत मुलांना प्रार्थनेसाठी पाश्चात्त्य संगीत शिकवत. व्हायोलिन शिकवत, सूर कागदावर लिहायला शिकवत. मुलं ते शिकली. पुढं त्यांच्या नातवा-पणतवांनी त्याच सुरांत कोकणी शब्द बसवले. जाणकारांचं म्हणणं असं की, जुनी ओवी आणि हे नवे सूर मिळून मांडो झाला. ज्या ओवीला दारातून हाकललं, ती नवं लुगडं नेसून खिडकीतून घरात आली.

नाच कसा होतो?

एका बाजूला पुरुषांची रांग, समोर बायकांची रांग. प्रत्येकाचा जोडीदार समोर. पुरुषाच्या हातात रंगीत रुमाल, बाईच्या हातात पंखा. गाणं सुरू होतं तशा दोन्ही रांगा डुलत पुढं येतात, मागं जातात, एकमेकींतून पार होऊन जागा बदलतात. कोणी कोणाचा हात धरत नाही. सगळं बोलणं नजरेनं, रुमालानं आणि पंख्यानं.

रांगांचा हा नाच युरोपातून आला. बायकांचा खास पोशाख आला पूर्वेकडच्या मलाया देशाच्या बाजूनं. खाली जरीकाठी मखमली वस्त्र, वर सैल चोळी आणि शाल. ताल मात्र गोव्याच्या मातीचा. तो कसा, ते पुढं सांगतो.

मांडो संपला की दुलपद सुरू होतं. दुलपद म्हणजे जलद चालीचं गाणं. त्यात गावातल्या रोजच्या गोष्टी, थट्टामस्करी. मांडोनं डोळे ओले होतात, दुलपदानं ते कोरडे होतात.

एक गोष्ट लपवून ठेवू नये. मांडो आधी जमीनदारांच्या मोठ्या घरांतला होता. शेतात राबणाऱ्यांची गाणी आणि नाच वेगळे होते. पुढं मांडो दिवाणखान्यातून मंचावर आला. १९६० नंतरच्या दशकात पणजीला मांडो महोत्सव सुरू झाला. मग गावोगावची पथकं तिथं गाऊ लागली.

घुमटाची कातडी बदलली

मांडोला व्हायोलिन लागतं आणि घुमट लागतं. घुमट म्हणजे मातीचं मडकं. त्याला दोन तोंडं असतात. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवतात. लहान तोंड उघडं असतं. एका हातानं कातड्यावर थाप मारायची आणि दुसऱ्या हातानं लहान तोंड झाकायचं, उघडायचं. तसा आवाज बदलतो. हेच घुमट गोव्यातल्या हिंदू घरांत गणपतीच्या आरतीला वाजतं. वाद्य एक, देवघरं दोन.

पूर्वी घुमटाला घोरपडीचं कातडं लावत. त्यापायी घोरपडी मारल्या जात. १९७२ साली वन्यजीव संरक्षणाचा कायदा झाला आणि घोरपड मारणं गुन्हा ठरला. मग कारागिरांनी बकऱ्याचं कातडं वापरायला सुरुवात केली. आवाजात थोडा फरक पडला, पण वाद्य जगलं. २०१९ साली गोवा सरकारनं घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला.

दूरच्या ब्राझीलमध्येही

पोर्तुगीजांची जहाजं गोव्याआधी दहा वर्षं, १५०० साली, ब्राझील देशाला लागली होती. तो देश समुद्रापार, फार दूर आहे. १८२२ साली तो स्वतंत्र झाला. त्याच्या ईशान्य भागात पाऊस कमी. दुष्काळ वारंवार पडतो. माणसं गुरं राखतात आणि पाणी संपलं की शहराकडे निघतात. मराठवाड्यासारखंच म्हणा ना.

तिथंही एक जोडीचा नाच आहे. त्याचं नाव फोर्रो. त्याला गळ्यात अडकवून वाजवायची भात्याची पेटी लागते, मोठा ढोल लागतो आणि लोखंडी सळईचा त्रिकोण लागतो. जून महिन्यात मक्याची सुगी येते, संत जॉनचा सण येतो. तेव्हा सगळ्या गावासमोर बायका-पुरुष एकमेकांना धरून फोर्रो नाचतात. तिथं त्यात कुणाला वावगं वाटत नाही.

लुईझ गोंझागा (१९१२ ते १९८९) या गायकानं फोर्रो देशभर नेला. १९४७ साली त्यानं दुष्काळात गाव सोडणाऱ्या माणसाचं गाणं गायलं. ते तिथं घराघरांत पोचलं. पेटी युरोपची होती, पण दुःख तिथल्या शेतकऱ्याचं होतं. २०२१ साली ब्राझील सरकारनं फोर्रोला देशाचा सांस्कृतिक वारसा मानलं.

आपण काय करावं?

मांडो टिकला, याचं एक कारण फार साधं आहे. लोकांनी तो लिहून ठेवला. लोटलीचे तोर्कुआतो द फिगेरेदो (१८७६ ते १९४८) यांनी रचलेला निरोपाचा मांडो आजही समारंभाच्या शेवटी म्हणतात. पुढं मिकाएल मार्टिन्स आणि जोझे परैरा या दोघांनी कैक वर्षं खपून गोव्याची गाणी गोळा केली. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची गाणी कागदावर आली, म्हणून वाचली. आणि ज्या भाषेला तीन वर्षांत संपवायचं होतं, ती १९८७ साली गोव्याची राजभाषा झाली.

आता आपल्याकडे पाहा. गिरण्या आल्या, जाती कोपऱ्यात गेली. जात्याबरोबर ओवीही चालली. पंचमीच्या फेराची गाणी, फुगडीची गाणी किती मुलींना येतात? इथं कुणी बंदी घातली नाही. आपणच ती विसरत चाललो आहोत.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. सहीपुरतं आणि पत्रापुरतं ते ठेवू नका. एक वही घ्या. घरातल्या म्हाताऱ्या आईजवळ, मावशीजवळ बसा. तिला विचारून तिची ओवी लिहून घ्या. ती जसा शब्द उच्चारते तसाच लिहा, सुधारू नका. खाली तिचं नाव, गाव आणि तारीख घाला. ते गाणं कधी म्हणतात, तेही लिहा. आठवड्याला एक ओवी लिहिली, तरी वर्षाला बावन्न होतील.

आणि लिहून झालं की तिला वाचून दाखवा. आपल्या तोंडचे शब्द कागदावरून परत आलेले ऐकून तिला काय वाटतं, ते तिच्या चेहऱ्यावर तुम्हाला दिसेल.