गाडीच्या एसीतली ओल

जूनचे पहिले दोन-तीन मोठे पाऊस झाले की गाड्यांच्या एसीतून ओळखीचा कुबट वास येऊ लागतो. न वाळलेल्या मोज्यांचा, माळ्यावर दडपलेल्या गाद्यांचा वास. मग डॅशबोर्डवरच्या जाळ्या ओल्या फडक्याने पुसल्या जातात, पट्ट्यांच्या खाचांतून कापसाच्या काड्या फिरवल्या जातात, मोगऱ्याच्या नाहीतर लिंबाच्या सुगंधाची कुपी जाळीला अडकवली जाते. दोन दिवस बरे जातात आणि वास परत येतो. तो येणारच. जाळीवर दिसणारे पांढुरके ठिपके हे बुरशीचे शेपूट आहे. तिचे घर मागे, डॅशबोर्डच्या पोटात, कूलिंग कॉइलवर असते. ती कॉइल कितीही धुतली तरी रोज रात्रभर ओलीच राहणार असेल, तर बुरशी पुन्हा धरणार. म्हणून या दुखण्यावर पहिला इलाज कॉइल कोरडी ठेवणे हा आहे; सफाईचा नंबर त्यानंतरचा.

एसी म्हणजे गार हवेचे यंत्र, अशी आपली समजूत असते, पण हवेतले पाणी काढणे हेही त्याचे तितकेच मूळ काम आहे. 1902 साली विलिस कॅरियर या तरुण अमेरिकन इंजिनिअरने ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यासाठी या यंत्रणेचा आराखडा केला, तो दमट हवेने कागद फुगतो-आकसतो ही अडचण सोडवायला. गाडीतही तेच चालते. कोकणातल्या पावसाळ्यात हवा 30 अंशांची आणि आर्द्रता 85 टक्के असली, तर एका घनमीटर हवेत सुमारे 25 ग्रॅम पाणी असते. शून्याच्या जरा वर असलेल्या कॉइलवरून ती हवा गेली आणि 5 अंशांपर्यंत गार झाली, तर तिच्यात जेमतेम 7 ग्रॅम पाणी मावते. उरलेले 18 ग्रॅम, म्हणजे साडेतीन चमचे पाणी, कॉइलच्या ॲल्युमिनियमच्या पापुद्र्यांवर थेंबाथेंबाने जमते. हे एका घनमीटरचे झाले. ब्लोअर तर तासाला शेकडो घनमीटर हवा ढकलतो. पापुद्रे इतके दाट असतात की पाणी त्यांच्या फटींत धरून राहते. भोवती बंद प्लास्टिकचा डबा, आत अंधार, आणि हवेबरोबर आलेली धूळ, परागकण, कातडीचा कोंडा. बुरशीला याहून जास्त काही लागत नाही. गुलमोहराखाली गाडी उभी राहत असेल तर वायपरखालच्या जाळीतून बारीक पाने आत उतरतात, तीही या खतात भर घालतात.

वास कधी येतो हे नीट पाहिले तर त्याचा उगमही कळतो. तो सर्वांत जास्त येतो एसी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात, आणि मध्येच कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा. कॉइल गार असताना पाणी तिला धरून राहते. ती कोमट होऊ लागली की तेच पाणी वाफ होऊन वासासकट बाहेर पडते. दोष जाळीचा असता, तर ब्लोअर चालू असेपर्यंत वास सारखाच आला असता. (वास कुबट नसून गोडसर असेल आणि काच तेलकट धुरकटत असेल, तर हीटरमधून कूलंट गळत असण्याची शक्यता आहे. ते वेगळे दुखणे. गाडी लगेच गॅरेजला दाखवावी.)

आता इलाज. आधी पाण्याला वाट आहे का ते पाहावे. दमट दिवशी एसी दहा-पंधरा मिनिटे चालला की गाडीखाली थेंब पडायला हवेत. पडत नसतील, किंवा पुढच्या सीटसमोरचा गालिचा ओला लागत असेल, तर ड्रेनची नळी तुंबली आहे. मेकॅनिक ती खालून हवा मारून मोकळी करतो. काम किरकोळ असते. मग केबिन फिल्टर. बहुतेक गाड्यांत तो डॅशबोर्डवरच्या डाव्या कप्प्याच्या मागे असतो. बाहेर काढल्यावर घड्यांत काळपट थर आणि पानांचा चुरा दिसला तर झटकून पुन्हा बसवू नये, नवा घालावा; कडेवरचा बाण हवेच्या दिशेने ठेवावा. त्यानंतरच कॉइल साफ करण्याचा फेस वापरावा, डब्यावर लिहिलेला वेळ पाळून, दारे उघडी ठेवून. कपड्यांचे ब्लीच मात्र तिथे कधीही ओतू नये. ते ॲल्युमिनियम खाते आणि त्याची वाफ पुढे गाडीतल्यांच्याच नाकात जाते.

यापुढचा भाग सवयीचा आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. मुक्काम तीन ते पाच मिनिटांवर आला की एसीचे बटण बंद करावे, बाहेरची हवा आत घ्यावी आणि ब्लोअर मोठा ठेवावा. यावर रास्त आक्षेप असा, की पावसाळ्यात बाहेरची हवाच ओली; तिने कॉइल वाळणार कशी? पूर्ण वाळत नाही, हे खरे. पण कॉइल बाहेरच्या हवेइतकी कोमट झाली की पाणी सुटून नळीवाटे निथळते, आणि 85 टक्के आर्द्रतेची हवाही थोडी ओल उचलतेच. रात्रभर ओथंबून राहणे आणि नुसते दमट राहणे यांत बुरशीच्या दृष्टीने मोठा फरक आहे. आठवड्यातून एकदा आणखी एक करता येते: एसी बंद, हीटर पूर्ण, हवा आतल्या आत फिरती आणि काचा बोटभर उघड्या, अशी दहा मिनिटे. हीटर कॉइलच्या पुढे असतो, त्यामुळे बाहेरची हवा घेतली तर ऊब कॉइलला लागतच नाही. आतली तापलेली हवा फिरवली तरच ती कॉइलवरून जाते. हे मोकळ्या जागेत करावे, बंद गॅरेजमध्ये इंजिन चालू ठेवून कधीच नाही. उकाड्यात शेवटची पाच मिनिटे सोसायची म्हणजे कटकट, हेही मान्य. पण काही नव्या गाड्यांत इंजिन बंद झाल्यावर ब्लोअर आपोआप चालवून कॉइल वाळवण्याची सोय कंपन्यांनीच दिली आहे. उपाय फोल असता तर दिली नसती.

राहिला प्रश्न, नुसत्या वासाने काय बिघडते? धडधाकट माणसाचे बहुधा काही बिघडत नाही. पण दमा, ॲलर्जी किंवा सतत सर्दीचा त्रास असलेल्यांना बुरशीचे बीजाणू उबळ आणू शकतात, आणि गाडीत ते चेहऱ्यापासून हातभर अंतरावरून येतात. सुगंधाची कुपी बीजाणू थांबवत नाही, फक्त आपल्याला त्यांचा पत्ता लागू देत नाही. शिवाय उग्र सुगंधानेही काही दमेकऱ्यांना त्रास होतो. घरात असे कुणी असेल तर आज संध्याकाळी ती कुपी काढून ठेवा, आणि एसी चालू असताना एकदा खाली वाकून पाहा, गाडीखाली थेंब पडत आहेत ना.