धार

बालशल्यचिकित्सेत तीस वर्षं झाली. मागे वळून पाहिलं की आधी आठवतो तो नऊ वर्षांचा एक मुलगा. अंथरूण ओलं करतो म्हणून आई घेऊन आली होती. अंगापिंडाने सहाचाच वाटत होता. जंताचं औषध झालं होतं, वारंवार येणारा ताप दर वेळी गोळ्यांनी उतरला होता, 'मोठा झाला की थांबेल' असं घरच्या वडीलधाऱ्यांनी सांगितलं होतं. पोटावर हात ठेवला तर लघवीची पिशवी बेंबीपर्यंत टणक लागली. किडनीचं काम सांगणारं रक्तातलं क्रिएटिनिन तपासून आलं आणि किती उशीर झालाय ते कळलं.

हे दुखणं फक्त मुलग्यांचं, साधारण पाच ते आठ हजारांत एकाला होणारं. मूत्रमार्गाच्या मागच्या भागात जन्मतःच पातळ पडदा असतो. वॉर्डात आम्ही त्याला पीयूव्ही म्हणतो. बाल्टिमोरच्या ह्यू हॅम्प्टन यंग यांनी १९१९ मध्ये त्याचे प्रकार पाडले. ते आजही शिकवले जातात.

पडदा फसवा असतो. खालून नळी घातली तर तो बाजूला होतो आणि नळी सहज आत जाते. वरून लघवी आली की शिडासारखा फुगून वाट अडवतो. म्हणून पिशवीत औषध भरून, मूल लघवी करत असतानाच एक्स-रे काढावा लागतो. 'नळी गेली, अडथळा नाही' हा शेरा मी कितीतरी केसपेपरवर वाचलाय. उमेदवारीत एकदा स्वतः लिहिलाही आहे. धारेचंही तसंच. जोर लावून लावून पिशवी जाडजूड होते, आणि काही मुलांची धार बघणाऱ्याला बरी वाटते.

उलटा दाब गर्भातच किडनीपर्यंत पोचतो. बिघडलेल्या किडनीला लघवी दाट करता येत नाही, ती पाण्यासारखी भरपूर होते, म्हणून मूल रात्री उठून पाणी मागतं. अशा मुलाच्या आईला 'संध्याकाळनंतर पाणी देऊ नका' असं सांगितलं जातं, आणि तहानलेलं पोर शुष्क पडून आणखी आजारी होतं. या एका सल्ल्याचा मला आजही राग येतो.

सोनोग्राफी आली तसं बरंच बदललं. आता कित्येक बाळांची फुगलेली पिशवी पोटातच दिसते. मुलगा की मुलगी हे सांगायला आपल्याकडे बंदी आहे, महाराष्ट्रात तर १९८८ पासून. आणि ती हवीच. पण 'पिशवी नीट रिकामी होत नाही, जन्मल्यावर लगेच दाखवा' एवढं लिहून देता येतं. बारशाच्या गडबडीत तो कागद फायलीत राहतो. शिवाय पाचव्या महिन्यातली सोनोग्राफी चांगली आली, तरी सूज नंतर येऊ शकते.

२०१३ मध्ये पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाड्या-शाळांत जाणाऱ्या पथकांच्या यादीत दुभंगलेले ओठ, वाकडे पाय, हृदयाचे दोष आहेत. हा पडदा नाही. चड्डी दिवसभर कोरडी राहते का, हा एक प्रश्न तरी त्या तपासणीत हवा.

त्या नऊ वर्षांच्या मुलाचा पडदा दुर्बिणीतून कापायला अर्धा तासही लागला नाही. सतराव्या वर्षी त्याला आईची किडनी बसवली. आदल्या संध्याकाळी तिने मला विचारलं, "डॉक्टर, तान्हा होता तेव्हाच मी बोलायला हवं होतं का?"

ती बोलली होती. दीड महिन्याच्या बाळाच्या लसीकरणाच्या कागदावर कोपऱ्यात कुणीतरी लिहून ठेवलं होतं : 'आई म्हणते, लघवी थेंबथेंब.'