मूल उशिरा चालेल म्हणून थांबू नका

मूल नऊ महिन्यांचं झालं तरी बसत नाही, दीड वर्षाचं झालं तरी पाऊल टाकत नाही, तेव्हा घरातलं कुणीतरी म्हणतंच, "काय होत न्हाई, ह्याचा बाप बी उशिराच चालला हुता." बोलणारा मायेनं बोलतो. पण या भरवशावर वर्ष-दोन वर्षं निघून जातात, आणि मुलाच्या मेंदूची सगळ्यात वेगानं वाढ होते ती पहिल्या दोन-तीन वर्षांतच. या काळात सुरू केलेल्या व्यायामाचा जेवढा उपयोग होतो, तेवढा पुढे होत नाही.

दुसरं वाक्य आईला टोचणारं असतं, "मागच्या जन्मीचं पाप." बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात मागच्या जन्मीच्या कर्माची ही कल्पना नाकारली आहे. वैद्यकशास्त्रही तेच सांगतं. बाळंतपणात बाळाला प्राणवायू कमी पडणं, दिवस भरण्याआधी जन्म, जन्मल्यावर कावीळ फार वाढणं, मेंदूज्वर, गुणसूत्रांतला फरक, कधी जवळच्या नात्यातलं लग्न, अशी कारणं असतात. पुष्कळदा कारण सापडतही नाही. ग्रहणात विळीला हात लावला म्हणून ओठ फाटत नाही. आईचा यात काही दोष नाही.

या खुणा लक्षात ठेवा. चार महिन्यांत मान धरली नाही, सहा महिन्यांत आवाजाकडे वळून बघत नाही, नऊ महिन्यांत आधाराशिवाय बसत नाही, दीड वर्षात चालत नाही किंवा एकही शब्द बोलत नाही, नजरेला नजर देत नाही, अंग फार कडक किंवा फार ढिलं लागतं. यातलं एक जरी दिसलं तरी त्याच आठवड्यात मुलाला दाखवा. तपासून सगळं ठीक निघालं तर आनंदच आहे.

दाखवायचं कुठे? आधी आशाताई किंवा अंगणवाडीताईला सांगा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून सुरू आहे. त्याचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलं तपासतं आणि गरज असेल त्यांना मोफत पुढच्या उपचाराला पाठवतं. पथकाची वाट बघायची नसेल तर थेट सीपीआरच्या बालरोग विभागात जा. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढून घ्या. कार्ड असलं की सवलती, पेन्शन, साधनं यांसाठी दर वेळी नव्यानं कागद गोळा करायला लागत नाहीत. २०१६ च्या कायद्यात २१ प्रकारची अपंगत्वं धरली आहेत. चाळीस टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. शाळेनं हाकललं तर गप्प घरी येऊ नका.

उपचार म्हणजे सगळं पूर्ववत होणं, असं प्रत्येक वेळी नसतं. वाकड्या पायाच्या बाळाला पहिल्या काही आठवड्यांतच प्लास्टर सुरू केलं, आणि पुढे पट्ट्याचे बूट सांगितले तितके दिवस घातले, तर बहुतेक पाय सरळ होतात. बहिऱ्या बाळाला लवकर यंत्र मिळालं तर बोलणं शिकता येतं. सेरेब्रल पाल्सी मुळासकट जात नाही, पण रोजच्या व्यायामानं सांधे आखडणं कमी व्हायला मदत होते. मूल बसायला, हातानं घास घ्यायला शिकतं. आईबापाला हे थोडं नसतं.

घरी करायचं सोपं आहे. फिजिओथेरपिस्टनं दाखवलेले व्यायाम अंघोळीआधी रोज करा. घास भरवताना मुलाला बसतं धरा, आडवं नको, ठसका लागतो. भाकरी थापताना त्याच्याशी बोलत राहा. फिट आली तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, कांदा किंवा चप्पल हुंगवू नका. पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. फिटची गोळी मनानं बंद करू नका.

आपल्या कोल्हापुरातल्या नसीमा हुरजूक यांचं कमरेखालचं अंग तरुणपणीच लुळं पडलं. स्वतः चाकाच्या खुर्चीत असलेले बाबूकाका दिवाण भेटले आणि त्यांना उभारी आली. पुढे त्यांनी नोकरी केली, १९८४ साली 'हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली, आणि 'चाकाची खुर्ची' हे आत्मचरित्र लिहिलं. त्याच वाटेनं गेलेलं माणूस भेटणं किती मोलाचं असतं, हे त्यांच्या आयुष्यात दिसतं.

वस्तीतल्या आईलाही असंच कुणीतरी लागतं. चार घरची धुणीभांडी करणारी बाई आठवड्यातून दोनदा मुलाला कडेवर घेऊन दवाखाना गाठते, तेव्हा तिचा रोज बुडतो. मग व्यायाम सुटतात, आणि लोक म्हणतात आईच कंटाळली. म्हणून रविवारी वंदना झाल्यावर अशा घरच्या आईबापांनी विहारात अर्धा तास एकत्र बसावं. कुणाचं कार्ड अडलं, कुणाला कुठल्या डॉक्टरचा गुण आला, ते एकमेकांना सांगावं. दवाखान्याला जायच्या पाळ्या लावाव्यात, त्यात बापांचीही पाळी असावी. विहाराच्या पायऱ्यांशेजारी उतार करून घ्यावा. आणि पोरांना घरात न ठेवता सोबत आणावं, सगळ्यांच्या पोरांत खेळू द्यावं.