कागदाचे अंतराळयान

कागदापासून वस्तू घडविण्याची कला आपणांस परकी नाही. दिवाळीचा आकाशकंदील किंवा नरकासुराचा मुखवटा करणारे हात गोमंतकातील प्रत्येक वाड्यावर आढळतात. परंतु शोभेची वस्तू आणि प्रतिकृती यांत एक भेद आहे. कंदिलाचा आकार करणाऱ्याने आपल्या आवडीप्रमाणे ठरवावा. प्रतिकृतीचा आकार मात्र मूळ वस्तूनेच ठरवून दिलेला असतो.

युरोपात हा छंद जुना आहे. इंग्लंडमध्ये १९४१ साली, ऐन महायुद्धात, पोस्टकार्डाएवढ्या कागदांवर छापलेल्या प्रतिकृती विकावयास निघाल्या. पोलंडमध्ये १९५७ पासून याच विषयाला वाहिलेले एक नियतकालिक निघू लागले. पुढे या छंदाच्या उपासकांची संमेलने भरू लागली. तेथे करणारा आपली कृती मेजावर मांडतो, जवळ उभा राहतो आणि पाहणाऱ्यांच्या प्रश्नांना उत्तरे देतो. अशा मेजावर अंतराळयान मांडावयाचे झाल्यास काय साधले पाहिजे, याचा विचार आम्ही येथे करू. उदाहरणासाठी १९७७ साली अमेरिकेने सोडलेली व्हॉयेजर यानांची जोडी घेऊ.

प्रथम प्रमाण ठरवावे. १:२४ हे प्रमाण घेतल्यास मूळ यानाचे २४ सेंटिमीटर म्हणजे आपले १ सेंटिमीटर. यानाची ३.७ मीटर व्यासाची तबकडी सुमारे १५.४ सेंटिमीटर होते. दहा बाजूंचा मधला सांगाडा १.७८ मीटर रुंद व ४७ सेंटिमीटर उंच आहे. तो सुमारे ७.४ सेंटिमीटर रुंद व २ सेंटिमीटर उंच होतो. सांगाडा करणे सोपे. जाड कागदाच्या पट्टीवर समान अंतराने रेघा आखून घड्या घातल्या, की दशकोन तयार.

तबकडी मात्र बुद्धीची परीक्षा पाहते. नळकांडे किंवा शंकू उलगडला तर त्याचा सपाट कागद होतो; म्हणून सपाट कागदापासून ते करताही येतात. वाडग्यासारखा खोलगट आकार तसा उलगडत नाही. मोसंब्याची साल मेजावर दाबून सपाट करू गेल्यास ती फाटते, त्याचे कारण हेच. आणि पृथ्वीचा नकाशा कागदावर बिनचूक उतरत नाही, त्याचेही कारण हेच. म्हणून तबकडी पाकळ्या कापून, त्यांच्या कडा एकमेकींस चिकटवून करावी लागते. पाकळ्या जितक्या अधिक, तितका बाक खरा. हस्तव्यवसायाच्या तासाला भूमिती अशी आपण होऊन येते.

खरी कसोटी पुढेच आहे. व्हॉयेजरच्या अंगातून १३ मीटर लांबीची एक जाळीदार भुजा बाहेर निघते. तिच्यावर चुंबकीय क्षेत्र मोजणारी साधने आहेत. यानातील धातू व विद्युत्प्रवाह यांचेही स्वतःचे चुंबकीय क्षेत्र असते. त्याने अवकाशातील अतिक्षीण क्षेत्राचे मोजमाप बिघडू नये, म्हणून ही साधने इतकी दूर नेली. उड्डाणाच्या वेळी भुजा एका लहान डब्यात मिटलेली होती. अवकाशात गेल्यावर ती उलगडली. आपल्या प्रमाणात तिची लांबी ५४ सेंटिमीटर भरते. मेज अपुरे पडते, कागदी नळी वाकते, पेटीत मावत नाही. अशा वेळी भुजा निम्मी करण्याचा मोह होतो. आणि पाहणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या ते ध्यानातही येणार नाही.

तरीही तसे करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. भुजा आखूड केली की तिचे प्रयोजनच नाहीसे होते. उरते ती केवळ शोभा. त्यापेक्षा नळीच्या आत माडाच्या झावळीचा हीर घालावा, भुजा सुटी करून न्यावी व मेजावर जोडावी. जेथे प्रमाण पाळणे अशक्यच असेल, उदाहरणार्थ बारीक तारांच्या जाडीत, तेथे तसे पाटीवर लिहावे. लिहून ठेवलेली उणीव कोणाची दिशाभूल करीत नाही.

मांडणीचेही काही नियम आहेत. तबकडी प्रेक्षकांसमोर धरली तर बाकीचे यान तिच्याआड लपते. म्हणून यान बाजूने दिसेल असे ठेवावे व तबकडीच्या दिशेला 'पृथ्वीकडे' असा बाण काढावा. पाटीवर यानाचे नाव, उड्डाणाचे वर्ष व प्रमाण असावे. आमच्या दमट हवेत कागद सर्द होऊन वाकतो, तेव्हा प्रतिकृती प्रदर्शनाच्या दिवसापर्यंत झाकलेल्या पेटीत ठेवावी. सूर्यप्रकाशापासून वीज घेणारे पंख का नाहीत, हा प्रश्न हटकून येईल. शनीपाशी सूर्यप्रकाश पृथ्वीच्या मानाने सुमारे नव्वदाव्या हिश्शाइतकाच उरतो. म्हणून या यानांना प्लुटोनियमच्या उष्णतेपासून वीज करणारी तीन जनित्रे दिली आहेत. ती वेगळ्या भुजेवर, कॅमेऱ्यांच्या विरुद्ध बाजूस का, तेही करणाऱ्यास सांगता आले पाहिजे. त्यांच्या किरणोत्सर्गाचा साधनांना उपद्रव होऊ नये, हे त्याचे कारण.

सर्वांत शेवटी सांगाड्याच्या बाजूवर सोनेरी कागदाची एक टिकली लावावयाची असते. मूळ तबकडी ३० सेंटिमीटरची, सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची ध्वनिमुद्रिका आहे. आपल्या प्रमाणात ती जेमतेम सव्वा सेंटिमीटर. तिच्यावर ५५ भाषांतील अभिवादने आहेत, त्यांत मराठीही आहे. तिच्यावरील संगीतात केसरबाई केरकरांनी गायिलेली भैरवी आहे. केसरबाई फोंडे महालातील केरी गावच्या. पहिले व्हॉयेजर ५ सप्टेंबर १९७७ रोजी निघाले. त्याच महिन्याच्या १६ तारखेस त्यांचे देहावसान झाले. २०१२ साली ते यान सूर्याच्या वाऱ्याची सीमा ओलांडून ताऱ्यांमधील अवकाशात शिरले आणि त्यांचा सूर तेथे गेला.

ही टिकली कागदाचा सर्वांत लहान तुकडा. ती विसरली तरी प्रतिकृती पुरी झालेली दिसेल. ज्याने यान नीट अभ्यासले आहे, तोच ती लावील. आणि आमच्या शाळेच्या मेजापाशी उभ्या राहणाऱ्या मुलाने बोट दाखवून प्रथम तिच्याचविषयी सांगावे, अशी आमची इच्छा आहे.