अंजिराच्या छाट कलमांची निगा

अंजिराची लागवड बियांपासून करीत नाहीत. पक्व काडीचे छाटे लावून करतात. पुरंदर तालुक्यातील अंजिरास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ज्या झाडाची फळे उत्तम त्याच झाडाची काडी लावावयाची, असा हा सरळ मार्ग आहे. काडी लावणे सोपे. परंतु ती लावल्यापासून पहिल्या पावसापर्यंत कलम जगविणे हेच खरे काम होय, आणि बहुतेक नुकसान याच काळात होते.

जानेवारी-फेब्रुवारीत लावलेल्या छाट्यास थोड्याच दिवसांत हिरवी पालवी फुटते. शेतकरी बंधू समाधान पावतात व पाणी वाढवितात. येथेच चूक होते. ही पालवी काडीत साठविलेल्या अन्नावर फुटलेली असते. त्या वेळी जमिनीत एकही मूळ नसण्याचा संभव असतो. अंजिराचे पान मोठे, त्यातून पाणी पुष्कळ उडून जाते, आणि ते भरून काढण्यास मुळे नाहीत. म्हणून पालवी एका कडक दुपारी माना टाकते. अशा वेळी अधिक पाणी घातल्याने काडी वाचत नाही. माती सतत चिकचिकीत राहिली की हवा खेळत नाही आणि काडीचे बूड काळे पडून कुजते. कलमास पाण्यापेक्षा सावलीची गरज अधिक असते. शेडनेट असल्यास उत्तम. नसल्यास तट्ट्या किंवा सरमाडाचा मांडव चालतो. पाणी झारीने, सकाळी, बेताने द्यावे. मूठभर माती दाबून पाहावी. गोळा होऊन हातास पाणी लागत नसेल तर ओल पुरेशी आहे असे समजावे.

मूळ फुटले की नाही हे पाहण्यासाठी काडी उपटू नये. घरातील मुले तर हे करतातच, पण मोठ्यांनाही मोह आवरत नाही! काडीच्या बुडाशी आलेली कोवळी मुळे अशाने तुटतात. नवी पाने येऊन ती दुपारीही ताठ राहू लागली, पिशवीच्या तळच्या छिद्रांतून पांढरी मुळे डोकावू लागली, म्हणजे कलम लागले असे मानावे. तोपर्यंत युरिया देऊ नये. एका काडीस दोन-तीन फुटवे आले असल्यास जोमदार सरळ फुटवा राखून इतर काढावेत. चीक वाहतो, त्यास भिण्याचे कारण नाही.

सूत्रकृमीकडे मात्र दुर्लक्ष करून चालणार नाही. वांगी, टोमॅटो वा भेंडीच्या रानातील माती पिशव्यांत भरल्यास त्यातील सूत्रकृमी कलमांच्या मुळांवर गाठी आणतात. असे कलम वरून हिरवेगार दिसते, आणि शेतात लावले की रोग कायमचा जमिनीत जातो. नंतर त्याचे निर्मूलन जवळजवळ अशक्य होते. माती आदल्या वर्षी एप्रिल-मे महिन्यांत ओली करून पारदर्शक प्लास्टिकखाली चार ते सहा आठवडे तापवून ठेवावी. गावपातळीवरील कार्यकर्त्याने कलमे वाटण्यापूर्वी दहा-वीस पिशव्या फाडून मुळे धुऊन पाहावीत. गाठी आढळल्यास तो सारा लाग नाकारावा. दहा पिशव्या वाया गेल्याचे दुःख मानू नये. गाठी असलेली कलमे स्वस्तात मिळतात म्हणून घेणाऱ्यास बागेत त्याची किंमत मोजावी लागते.

मे अखेरीपासून सावली हळूहळू कमी करावी. आधी सकाळचे ऊन, मग अर्धा दिवस, आणि दहा-पंधरा दिवसांनी मांडव पूर्ण काढावा. एकदम उघड्यावर आणलेल्या कलमांची पाने करपतात. जून-जुलैमध्ये चांगला पाऊस होऊन वाफसा आला की लागवड करावी. पिशवी ब्लेडने कापून काढावी, मातीची हुंडी फुटू देऊ नये, आणि पिशवीत काडी जितकी खोल होती तितकीच खड्ड्यात ठेवावी. शेजारी बांबूची काठी रोवून सैल बांधावे. पहिल्या वर्षी एखादे फळ धरलेले दिसेल. ते काढून टाकावे.