श्रावणातले अठरा लाख

पवनी तालुक्यातल्या कोंढ्यात मोठा आकडा समजावून सांगायचा असेल तर तो धानात सांगावा. चाळीस किलोचा एक कट्टा, अडीचशे कट्ट्यांचा एक ट्रक, म्हणजे शंभर क्विंटल. २०२४-२५ च्या हंगामात साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला २,३०० रुपये होता, तेव्हा ट्रकभर धानाचे झाले दोन लाख तीस हजार. बोनस यात धरलेला नाही. तो जाहीर कधी होतो आणि खात्यात कधी पडतो, हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

हे माप घेऊन थेट तेहरानला जाऊ. नोव्हेंबर २०१३ मध्ये रॉयटर्सने इराणमधल्या ‘सेताद’ या संस्थेच्या मालमत्तेची बेरीज मांडली. जमीनजुमला आणि इमारती ५२ अब्ज डॉलरच्या, कंपन्यांमधले हिस्से ४३ अब्ज डॉलरचे, एकूण सुमारे ९५ अब्ज. सेतादने हा आकडा नाकारला, हेही नोंदवलं पाहिजे. त्या वेळच्या दराने ही रक्कम सहा लाख कोटी रुपयांच्या घरात जाते. आपल्या मापात ती झाली दोन कोटी साठ लाख ट्रक धान. एकेक ट्रक आठ मीटरचा धरून ते कोंढ्याच्या रस्त्यावर एकामागे एक लावले, तर रांग दोन लाख किलोमीटरच्या पुढे जाईल. म्हणजे पृथ्वीला पाच वेढे, आणि तरी शेपूट उरेलच. एवढं धान कुठून आणायचं, हा प्रश्न आहेच. सगळा भारत मिळून एका वर्षात जेवढं धान पिकवतो, त्यातून ही रांग पुरी होत नाही.

आणि ही संस्था उभी राहिली कशी? १९८९ मध्ये, मृत्यूच्या थोडं आधी, इराणचे सर्वोच्च नेते खोमेनींनी एक छोटा हुकूम काढला. क्रांतीनंतर मालक सोडून गेले त्या मालमत्ता विकाव्यात आणि पैसा गरिबांसाठी, शहिदांच्या कुटुंबांसाठी खर्च करावा. काम दोनेक वर्षांत आटोपेल अशी कल्पना होती. ते आटोपलं नाही. संस्था सर्वोच्च नेत्याच्या हाताखाली होती, आणि तो नेता म्हणजे देशाचा सर्वांत मोठा धर्माधिकारीही. २००८ मध्ये तिथल्या संसदेने स्वतःवरच बंधन घालून घेतलं, की नेत्याच्या अखत्यारीतल्या संस्थांची तपासणी त्याच्या परवानगीशिवाय करायची नाही. ज्याने हिशेब विचारायचा, त्यानेच कुलूप लावून किल्ली ज्याचा हिशेब त्याच्या हाती दिली.

फुगणाऱ्या आकड्यांचं कोंढ्याच्या माणसाला अप्रूप नाही. गोसीखुर्द धरण याच तालुक्यातलं आहे. १९८३ साली ३७२ कोटींचा असलेला हा प्रकल्प २०१६ पर्यंत १८,४९४ कोटींवर गेला, जवळजवळ पन्नासपट. पण ती गोष्ट निविदांची आणि सुधारित मान्यतांची आहे. राजदंड आणि जपमाळ एकाच हाती असली म्हणजे पैशाचं काय होतं, ते पाहायला तेहरानला कशाला, पुण्याच्या पर्वतीखाली गेलं तरी पुरे.

श्रावणात विद्वान ब्राह्मणांना दक्षिणा देण्याचा प्रघात तळेगावच्या सेनापती खंडेराव दाभाड्यांनी पाडला होता. १७३१ मध्ये डभोईच्या लढाईत त्यांचा मुलगा त्रिंबकराव पहिल्या बाजीरावाच्या फौजेविरुद्ध लढताना पडला, आणि ही दक्षिणा पुण्याला पेशव्यांकडे आली. लढाईत तोफा जिंकतात, निशाणं जिंकतात. इथे धर्मकृत्यही जिंकून आणलं गेलं. पुढच्या पंचवीस-तीस वर्षांत ते फुगत गेलं. नानासाहेब पेशव्यांच्या काळात, १७५८ साली, वाटपाचा आकडा अठरा लाख रुपयांवर गेल्याची नोंद आहे.

अठरा लाख आज ऐकायला किरकोळ वाटतात. पुण्यात एवढ्यात धड फ्लॅटही येत नाही. म्हणून तो आकडा त्याच्या काळातल्या दुसऱ्या आकड्यांशेजारी ठेवून पाहू.

पहिला आकडा आमच्याच मुलखातला. कोंढा, पवनी, भंडारा हा सगळा टापू नागपूरकर भोसल्यांचा. रघूजी भोसल्यांच्या स्वारांनी दहा वर्षं बंगालवर घोडी घातली. बंगालच्या मुलांना ‘बर्गी येतील’ म्हणून झोपवावं लागे, इतकी त्यांची दहशत. शेवटी १७५१ मध्ये नवाब अलीवर्दीखान नमला आणि बंगालची चौथाई ठरली वर्षाला बारा लाख. दहा वर्षांच्या स्वाऱ्या, रघूजींचे सेनानी भास्करपंत कोल्हटकर यांचा खून, असंख्य गावांची राख, एवढ्या सगळ्यानंतर हिंदुस्थानातल्या बहुधा सर्वांत श्रीमंत सुभ्याची वर्षाची चौथाई बारा लाख. पुण्याच्या एका श्रावणाला लागली त्याची दीडपट.

दुसरा आकडा दिल्लीचा, दक्षिणेच्या त्या सालानंतर जेमतेम दोन वर्षांचा. ऑगस्ट १७६० मध्ये सदाशिवरावभाऊंनी दिल्ली घेतली तेव्हा फौजेला द्यायला पैसा नव्हता. लाल किल्ल्यातल्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून त्यांनी ते टांकसाळीत घातलं. त्यातून सुमारे नऊ लाख रुपये निघाले आणि ते महिनाभर पुरले. मोगल बादशाहीचं उरलंसुरलं वैभव वितळवून जे आलं, ते पर्वतीखाली एका वर्षी वाटलेल्या रकमेच्या साधारण निम्मं होतं. पानिपतावर घोडी उपाशी मेली आणि माणसं झाडपाला खाऊ लागली, तेव्हा दक्षिणेच्या वहीतला १७५८ चा आकडा कुणाच्या डोक्यात आला असेल का, कोण जाणे. पायदळातल्या शिपायाला महिना पाच रुपये धरले, तर अठरा लाखांत तीस हजार शिपाई वर्षभर पोसले गेले असते.

यावर लगेच कुणी म्हणेल की दक्षिणेतून कुणी गबर झालं नाही. ते खरं आहे. रमण्यात, म्हणजे पर्वतीजवळच्या त्या बंदिस्त आवारात, हजारोंनी लोक कोंडले जात आणि बाहेर पडताना दारात एकेकाच्या हातावर दक्षिणा पडे. नामांकित शास्त्र्याला मोठी रक्कम, पण बहुतेकांच्या हाती मोजकेच रुपये. तेवढ्यासाठी पावसात कोकणातून, कर्नाटकातून पायपीट करणारा गरीब भिक्षुक हा काही लुटारू नव्हता. पण या व्यवस्थेची खुबी इथेच आहे. प्रत्येक हातात थोडं पडलं की हिशेब विचारणारं तोंड उरत नाही. राज्य ब्राह्मणांचं, दान ब्राह्मणांना, आणि ते योग्य की अयोग्य याचा निवाडा करणारेही तेच. महसूल मात्र कुणब्याचा. १७६९ च्या कनकापूरच्या तहाने नागपूरकर भोसल्यांनी पेशव्यांना दरसाल पाच लाख द्यायचे ठरलं, तेव्हा वैनगंगेकाठचा धानाचा साराही पुण्याच्या त्याच तिजोरीची वाट चालू लागला.

गबर झालेलेही होते. ब्रह्मेंद्रस्वामी वऱ्हाडात जन्मले. पुढे कोकणात परशुरामाच्या डोंगरावर राहिले आणि शेवटी साताऱ्याजवळ धावडशीला आले. शाहू महाराज, बाजीराव, चिमाजीअप्पा, आंग्रे, सगळे त्यांचे शिष्य. स्वामींना गावं इनाम मिळाली. मंदिरं, तळी, घाट त्यांनी बांधले हे खरंच. पण ते सरदारांना व्याजाने कर्जही देत आणि वसुलीची पत्रं खरमरीत लिहीत. उत्तर हिंदुस्थान हादरवणारा पहिला बाजीराव या गुरूला कळवतो की सावकारांच्या पाया पडता पडता कपाळाची कातडी गेली. कुलाब्याच्या आंग्र्यांचं आरमार, पेशव्यांचं घोडदळ आणि या दोघांना भांडवल पुरवणारा संन्यासी! १७४५ मध्ये स्वामींनी धावडशीत समाधी घेतली. तिथे आजही लोक भक्तिभावाने जातात, आणि त्यांचा पत्रव्यवहार छापलेला आहे. ज्याला हवा त्याने वाचावा.

दुसऱ्या बाजीरावाच्या काळात धर्माचा पदर राहिला, खालचं सगळं उघडं पडलं. गादी मिळवतानाच त्याने दौलतराव शिंद्यांना दोन कोटी कबूल केले. ते नव्हते, म्हणून १७९८ मध्ये शिंद्यांच्या सर्जेराव घाटग्याला पुण्यातून वसुलीची मोकळीक मिळाली, आणि सावकारांचा छळ करून पैसा काढला गेला. पुढे मामलती लिलावात निघाल्या. जो जास्त बोली लावील त्याला एक वर्षासाठी महाल. मध्येच दुसऱ्याने बोली वाढवली तर पहिला घरी. एका वर्षात गुंतवलेलं आणि वर नफा काढायचा तर मामलेदार कुठून काढणार? पाटलाकडून. पाटील? रयतेकडून. इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाच्या आपल्या अहवालात ही साखळी कडीकडीने उलगडून दाखवली आहे. राज्य कर्जात आणि राजा श्रीमंत, अशी ही रीत. इतिहासकार ग्रांट डफ बाजीरावाच्या खाजगी साठ्याचा अंदाज पाच कोटींच्या वर देतो, म्हणजे बंगालची चाळीस वर्षांची चौथाई. सोमवार, एकादशी, अनुष्ठानं, सहस्रभोजनं मात्र चुकली नाहीत. त्र्यंबकेश्वराचा म्हणून ओळखला जाणारा सुमारे ८९ कॅरटचा हिरा इंग्रजांच्या हाती लागला, तो याच बाजीरावाच्या ठेव्यातून.

१८१८ मध्ये इंग्रज सेनानी माल्कमपुढे शस्त्र ठेवताना त्याने जे मिळवलं, ते तर सगळ्यावर ताण आहे. वर्षाला आठ लाखांची पेन्शन. इंग्रजांना वाटलं, माणूस फार दिवस जगायचा नाही. तो बिठूरला गंगाकाठी स्नानसंध्या करत १८५१ पर्यंत जगला. गुणाकार करा, दोन कोटी साठ लाखांच्या आसपास जातो. हरलेल्या पेशव्याला राज्य न करण्याचे पैसे मिळाले.

या सगळ्यात मला थक्क करते ती एक गोष्ट. काही लपवलेलं नाही. पेशवे दप्तराचे हजारो रुमाल, म्हणजे कागदांची गाठोडी, पुण्यात आहेत. कुणाला किती वस्त्रं, किती रुपये, कुठल्या अनुष्ठानाला किती तूप, सगळं मोडीत नीट मांडलेलं. चोरी असती तर पान फाटलेलं सापडलं असतं. इथे पानं शाबूत आहेत. ती पुढे करून जाब विचारील असं दालनच त्या वाड्यात बांधलेलं नव्हतं. तेहरानच्या संसदेने २००८ मध्ये आपल्या हाताने बंद केला, तो दरवाजा शनिवारवाड्याला मुळात नव्हताच.

इंग्रजांनी दक्षिणा एकदम बंद केली नाही. लोक बिथरतील ही भीती होती. एल्फिन्स्टनने ती पन्नास हजारांवर आणली, आणि १८२१ मध्ये त्याच पैशातून विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. अठरा लाखांच्या जागी पन्नास हजार, म्हणजे छत्तिसावा हिस्सा. त्यावर पुणं उठलं नाही. पुणं उठलं ते १८४९-५० मध्ये, जेव्हा लोकहितवादी आणि त्यांच्यासारख्या काही तरुणांनी, बहुतेक ब्राह्मणच, अर्ज केला की दक्षिणेतले वाचलेले तीन हजार रुपये उपयुक्त मराठी पुस्तकांना द्यावेत आणि त्याला जातीची अट नसावी. सभा भरल्या, वाळीत टाकण्याच्या धमक्या झाल्या. अर्जदारांच्या पाठीशी ज्योतिबा फुले आपली माणसं घेऊन उभे राहिले, तेव्हा कुठे अर्ज पोचला. अठरा लाखांच्या सहाशेव्या हिश्शावरून एवढा गहजब. आकडा लहान होता, पण कुणाला द्यायचं हे प्रथमच बाहेरचा कुणी विचारत होता.

१८५१ मध्ये दक्षिणा प्राइज कमिटी झाली आणि मराठी पुस्तकांना बक्षिसं मिळू लागली. याच निधीतून मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात दक्षिणा फेलो नेमले गेले. महादेव गोविंद रानडे त्यांपैकी एक, आणि कनिष्ठ फेलोचं वेतन होतं महिना साठ रुपये. १७५८ च्या एका श्रावणात जेवढे रुपये रमण्याच्या दारातून गेले, त्यात असे अडीच हजार फेलो वर्षभर शिकले असते.